अपमानाचा अन्वय : अमेरिकेतील नागरी हक्क आणि समतेच्या वाक्याचे वाचन

१

कायद्याची संहिता आणि साहित्याची संहिता यांच्यातील एक भेद नेहमी सांगितला जातो. साहित्यकृतीचा अन्वय चुकला तर एखादी समीक्षा चुकते. कायद्याच्या वाक्याचा अन्वय चुकला तर त्याची किंमत कोणाला तरी आयुष्याने मोजावी लागते. हा भेद खरा आहे. परंतु त्याच्यावर भर दिला की दोहोंमधील एक मूलभूत साम्य दृष्टीआड होते. अर्थ नेमका कोठे वसतो, संहितेच्या शब्दांत, ती रचणाऱ्याच्या हेतूत, की ती ज्याच्यापर्यंत पोहोचते त्याच्या अनुभवात, हा प्रश्न साहित्यसमीक्षेइतकाच न्यायनिर्णयनालाही टाळता येत नाही. साहित्यविचारात हा प्रश्न ज्ञानमीमांसेचा राहतो. न्यायालयात तो नीतीचा होतो, कारण तेथे अर्थ ठरविणाऱ्याच्या हाती सत्ता असते आणि ज्याच्याविषयी अर्थ ठरवायचा तो बहुधा सत्तेबाहेर असतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ साली संमत झाली. कोणत्याही राज्याने आपल्या अधिकारक्षेत्रातील कोणत्याही व्यक्तीस कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये, असा तिच्या पहिल्या कलमाच्या अखेरच्या भागाचा आशय आहे. भारतीय संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदामुळे 'कायद्याचे समान संरक्षण' हा शब्दप्रयोग मराठी वाचकाला अपरिचित नाही. त्याचे मूळ याच दुरुस्तीत आहे. या वाक्यातील एकही शब्द गेल्या दीड शतकात बदललेला नाही. तरीही त्याच वाक्याच्या आधारे १८९६ साली रेल्वेच्या डब्यांतील वर्णविभाजन वैध ठरले, १९५४ साली शाळांतील वर्णविभाजन अवैध ठरले आणि २०२३ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रवेशासाठी वंशाचा विचार करणेही अवैध ठरले. शब्द स्थिर आणि अर्थ चंचल, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवल वाटण्याजोगे नाही. येथे विचारार्थ घ्यावयाचा प्रश्न त्याहून मर्यादित आणि अधिक अवघड आहे : कायद्याने दिलेली वागणूक अपमानास्पद आहे किंवा नाही, हे कोणी ठरवायचे? वागणूक देणाऱ्याने, ती सोसणाऱ्याने, की दोघांकडे बाहेरून पाहणाऱ्या न्यायाधीशाने?

२

या प्रश्नाचे पहिले विस्तृत उत्तर 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' या खटल्यात मिळते. लुइझियाना राज्याने १८९० साली एक कायदा करून रेल्वेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय उतारूंसाठी 'समान परंतु विभक्त' व्यवस्था बंधनकारक केली. न्यू ऑर्लिन्समधील नागरिकांच्या एका समितीने या कायद्याला आव्हान देण्याचे ठरविले. तिच्या योजनेनुसार ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसले आणि अटक करवून घेतली. प्लेसी यांच्या आठ पणजोबा-पणजींपैकी केवळ एकच आफ्रिकी वंशाची व्यक्ती होती. पाहणाऱ्याला ते गोरेच वाटत. म्हणजे 'वर्ण' ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नसून कायद्याने वाचावयाचे चिन्ह आहे, हे खटल्याच्या मांडणीतच सूचित झाले होते.

त्यांची बाजू मांडणारे ऑल्बियन टूर्झे हे वकील तसेच कादंबरीकारही होते. यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेतील पुनर्रचनेचे अपयश त्यांनी कादंबऱ्यांतून चितारले होते. आपल्या लेखी युक्तिवादात त्यांनी न्यायदेवतेच्या रूढ प्रतिमेचा विस्तार केला : न्यायदेवता आंधळी असते, तर तिची कन्या म्हणजे कायदा, निदान रंगांध तरी असावी. पुढे सव्वाशे वर्षे अमेरिकी न्यायविचारात वावरलेल्या या रूपकाचा जन्म एका कादंबरीकाराच्या लेखणीतून झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठीत हे रूपक आणताना एक अडचण येते. 'वर्णांध' म्हणावे, तर 'वर्ण' या शब्दात रंगाबरोबर चातुर्वर्ण्यही येते. 'रंगांध' म्हणावे, तर तो दृष्टीचा दोष आहे हे ध्यानात येते. ही अडचण उपयुक्त आहे, कारण न पाहणे हा गुण केव्हा असतो आणि दोष केव्हा, हाच पुढील वादाचा गाभा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १८ मे १८९६ रोजी सात विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा वैध ठरविला. निकालपत्र न्यायमूर्ती हेन्री बिलिंग्ज ब्राउन यांनी लिहिले. त्यातील एक विधान अर्थनिर्णयनाच्या अभ्यासकाने विशेष बारकाईने वाचावे असे आहे. सक्तीच्या विभाजनामुळे कृष्णवर्णीयांवर कनिष्ठतेचा शिक्का बसतो, या युक्तिवादाला ब्राउन यांनी असे उत्तर दिले की, तसा शिक्का बसत असेल तर तो कायद्यातील कोणत्याही मजकुरामुळे नव्हे. कृष्णवर्णीय लोक स्वतः होऊन कायद्याचा तसा अन्वय लावतात म्हणून. हा एक संपूर्ण वाचनसिद्धान्त आहे. त्यानुसार संहिता निर्दोष आहे आणि अपमान वाचकाने बाहेरून आणून तिच्यावर लादला आहे. ज्याला डब्यातून उतरविले त्यालाच चुकीचा वाचक ठरवून न्यायालयाने त्याची साक्ष निकालात काढली.

आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ ब्राउन यांनी एक कल्पित उलटापालट केली. उद्या कृष्णवर्णीयांचे विधिमंडळात वर्चस्व झाले आणि त्यांनी हाच कायदा केला, तर गोरे लोक त्यामुळे स्वतःला कनिष्ठ मानतील काय? मानणार नाहीत, असे त्यांनी गृहीत धरले. या कल्पनेत फक्त पात्रांची अदलाबदल होते. अडीच शतकांची गुलामगिरी, मालमत्तेची वाटणी, सार्वजनिक भाषेतील उच्चनीचता यांपैकी काहीही उलटत नाही. इतिहास वजा करून केलेली ही उलटापालट पुढे वेगवेगळ्या वेषांत पुनःपुन्हा येते.

वस्तुतः कायद्याचा अर्थ समजण्यासाठी सोसणाऱ्याच्या मनात डोकावण्याचीही आवश्यकता नव्हती. तो संहितेतच उमटला होता. लुइझियानाच्या कायद्यात एक अपवाद होता : दुसऱ्या वंशाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दायांना तो लागू नव्हता. म्हणजे गोऱ्या मुलाला मांडीवर घेऊन कृष्णवर्णीय दाई गोऱ्यांच्या डब्यातून प्रवास करू शकत होती; तीच स्त्री स्वतःच्या तिकिटावर, उतारू म्हणून तेथे बसू शकत नव्हती. तेव्हा कायद्याचा आक्षेप सान्निध्याला नव्हता, बरोबरीच्या सान्निध्याला होता. संहितेचे रहस्य तिच्या मुख्य विधानापेक्षा तिच्या अपवादात उघडे पडते, हा समीक्षकाचा अनुभव येथे अक्षरशः खरा ठरतो.

३

या निकालात एकमेव भिन्नमत न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांचे होते. केंटकीतील गुलामधारक कुटुंबातून आलेल्या या न्यायाधीशाने राज्यघटना रंगांध आहे, येथे कोणतीही जात नाही, असे विधान केले. 'जात' हा शब्द अमेरिकी वादात नवा नव्हता. बॉस्टनमधील एका कृष्णवर्णीय मुलीला घराजवळच्या शाळेत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा १८४९ साली चार्ल्स समनर यांनी मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात अशा विभाजनाला जातिसंस्थेचेच रूप म्हटले होते आणि त्यासाठी हिंदुस्थानचा दाखला दिला होता. सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी मुलीच्या विरुद्ध निर्णय दिला. पूर्वग्रह कायद्याने निर्माण केलेला नाही आणि कायद्याने तो बहुधा बदलताही येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. प्लेसी खटल्यात ब्राउन यांनी आधार घेतला तो याच निर्णयाचा.

या देवघेवीला एक उलट बाजूही आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. योगायोग असा की, त्याच वर्षी 'स्लॉटरहाउस' खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चौदाव्या दुरुस्तीच्या एका महत्त्वाच्या तरतुदीचा अर्थ अतिशय संकुचित केला. दहा वर्षांनी, १८८३ साली, त्याच न्यायालयाने १८७५ च्या नागरी हक्क कायद्यातील खानावळी, नाट्यगृहे आणि वाहने खुली करणारी कलमे रद्द केली. मुक्त झालेल्या माणसाने केव्हातरी कायद्याचा खास लाडका होण्याचे थांबवून साधा नागरिक व्हावे, असे न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी त्या वेळी सुनावले. गुलामगिरी संपून अठराच वर्षे झाली होती. दास्यमुक्ती आणि समता यांच्यामधले अंतर ते एवढे.

हार्लन यांच्या भिन्नमताकडे पुन्हा वळू. ते रंगांधतेच्या विधानासाठी प्रसिद्ध आहे. परंतु त्यात आणखी एक विधान आहे, ज्याची आठवण क्वचितच काढली जाते. या कायद्याचा उद्देश गोऱ्यांना कृष्णवर्णीयांच्या डब्यांपासून दूर ठेवणे हा नसून कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या डब्यांतून बाहेर काढणे हा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे, असे हार्लन म्हणतात. समान व्यवस्थेचा पातळ पडदा कोणालाही फसवू शकणार नाही, अशी पुस्तीही ते जोडतात. 'सर्वांना ठाऊक आहे' हे ज्ञानविषयक विधान आहे आणि 'घटना रंगांध आहे' हे तत्त्वविषयक. पहिले नसेल तर दुसऱ्याला आधार उरत नाही. ज्याने जगातील रंगाची उतरंड नीट पाहिली आहे, तोच कायद्याने त्या उतरंडीला साथ देऊ नये असे म्हणू शकतो. हार्लन यांची रंगांधता अशी पाहण्यातून आलेली होती. पुढील शतकाने या जोडविधानातील दुसरा अर्धा भाग जपला आणि पहिला हरवला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हार्लन यांना पूज्य मानण्याचे कारण नाही. त्याच भिन्नमतात ते गोऱ्या वंशाच्या प्रतिष्ठेचे आणि वर्चस्वाचे सातत्य गृहीत धरतात आणि चिनी लोकांविषयी तुच्छतेने बोलतात. त्यांची दृष्टीही सर्वांपर्यंत पोहोचली नव्हती. मात्र जेथे ती पोहोचली, तेथे त्यांनी आपल्याला दिसत नाही असे सोंग आणले नाही.

४

'ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ' या खटल्याचा निकाल १७ मे १९५४ रोजी लागला. प्लेसी खटल्यातील न्यायमूर्तींशी असलेले नामसाम्य योगायोगाचे. परंतु एका ब्राउनने लावलेला अन्वय दुसऱ्या ब्राउनच्या नावाने रद्द व्हावा, हे इतिहासाला शोभणारे आहे. वादींच्या वकिलांचे नेतृत्व थर्गुड मार्शल यांच्याकडे होते. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी एकमताचे, छोटेखानी आणि सामान्य माणसाला कळेल अशा भाषेतील निकालपत्र लिहिले. केवळ वंशामुळे मुलांना वेगळे काढल्याने समाजातील आपल्या स्थानाविषयी त्यांच्या मनात कनिष्ठतेची भावना उत्पन्न होते आणि ती कदाचित कधीच पुसली जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. टीपेत समाजशास्त्रीय संशोधनाचा हवाला होता. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवून केलेले प्रयोग या खटल्यांतील पुराव्यात आले होते. अनेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' म्हणून निवडली होती.

प्लेसीच्या तुलनेत ही वाचनपद्धतीतील क्रांती होती. १८९६ साली ज्याचा अन्वय चुकीचा ठरविला होता, त्याचीच साक्ष १९५४ साली निर्णायक ठरली. परंतु येथे एक धोकाही शिरला. विभाजन अन्याय्य का, तर मुलांच्या मनाला इजा होते म्हणून, असे म्हटले की अन्याय हा मानसिक इजेवर अवलंबून राहतो. एखाद्या मुलीला इजा झालीच नाही, घरच्या संस्कारांमुळे किंवा स्वभावाच्या काटकपणामुळे ती ताठ उभी राहिली, तर तिच्यापुरते विभाजन न्याय्य ठरते काय? उघडच नाही. दुःख आणि अवमान या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुःख मनात घडते. अवमान जगात घडतो. अवमानित माणसाला दुःख झाले नाही म्हणून अवमान टळत नाही, आणि दुखावलेल्या प्रत्येक माणसाचा अवमान झालेला असतो असेही नाही.

हा भेद न केल्याने काय होते, याचे उदाहरण १९५९ साली पुढे आले. हर्बर्ट वेक्स्लर हे उदारमतवादी विधिज्ञ. विभाजनाचे ते समर्थक नव्हते. तरीही तटस्थ तत्त्वांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी ब्राउन निकालाला सर्वांना सारखेच लागू होईल असे तत्त्व सापडत नाही, अशी तक्रार केली. त्यांच्या मते हा प्रश्न अखेर साहचर्याच्या स्वातंत्र्याचा होता आणि एकाला हवे असलेले साहचर्य दुसऱ्यावर लादले जाते तेव्हा निवड कशी करायची, हे त्यांना उमगत नव्हते. ओघात त्यांनी एक आठवण दिली. चार्ल्स ह्यूस्टन या कृष्णवर्णीय वकिलाबरोबर ते सर्वोच्च न्यायालयात एक खटला चालवीत होते. मधल्या सुटीत दोघांना एकत्र जेवायचे तर वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवर जावे लागे. याचे ह्यूस्टन यांना आपल्यापेक्षा अधिक क्लेश होत नव्हते, असे वेक्स्लर सांगतात.

आठवण प्रामाणिक आहे, मैत्रीही खरी असावी. तरीही या वाक्यात तटस्थतेची सगळी मर्यादा साठलेली आहे. ह्यूस्टन यांची सोबत सोडली, तर वेक्स्लर यांना शहरातील कोणत्याही उपाहारगृहात जेवता आले असते. वेक्स्लर यांची सोबत सोडून ह्यूस्टन यांच्यापुढे एकही नवे दार उघडत नव्हते. एकाचे क्लेश त्याच्या स्नेहातून आलेले होते, दुसऱ्याचे त्याच्या जन्मावरून ठरविले गेले होते. दोहोंना एका मापाने मोजणे शक्य झाले, कारण माप फक्त दुःखाचे होते. ह्यूस्टन यांचे क्लेश किती, हे स्वतः ह्यूस्टन यांच्या तोंडून आपल्याला कळत नाही, हेही नोंदविले पाहिजे. १९५० सालीच निवर्तलेल्या माणसाच्या अनुभवाची मोजदाद येथे त्याचा मित्र करतो आहे.

वेक्स्लर यांना १९६० साली चार्ल्स ब्लॅक यांनी दिलेले उत्तर या वादातील सर्वांत समर्पक म्हणावे लागेल. ब्लॅक स्वतः टेक्सासमध्ये वाढलेले गोरे होते. विभाजनाचा अर्थ काय, हे दक्षिणेत वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. जे सर्वांना माहीत आहे ते फक्त न्यायाधीशांनी माहीत नसल्यासारखे वागावे, ही अपेक्षा हास्यास्पद आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. त्यांनी अर्थ वाचकाच्या मनातून काढून सामाजिक व्यवहारात ठेवला. शिवीचा अर्थ तो देणाऱ्याच्या खाजगी हेतूवर अवलंबून नसतो आणि ऐकणाऱ्याच्या हळवेपणावरही नसतो. ती ज्या भाषेत दिली जाते त्या भाषेत तो आधीच ठरलेला असतो. विभाजन हे तशा सार्वजनिक भाषेतील वाक्य होते. हार्लन यांचे हरवलेले 'सर्वांना ठाऊक आहे' ब्लॅक यांच्या निबंधात परत आले.

याच वाचनाचा एक निखळ विजय 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' या १९६७ च्या निकालात दिसतो. आंतरवंशीय विवाह करणाऱ्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय जोडीदारांना आम्ही सारखीच शिक्षा देतो, तेव्हा असमानता कोठे आहे, असा व्हर्जिनिया राज्याचा बचाव होता. १८८३ साली अलाबामातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशीच सममिती मान्य केली होती. १९६७ साली न्यायालयाने सममितीच्या आत पाहिले. व्हर्जिनियाच्या कायद्याने केवळ गोऱ्यांचा समावेश असलेले आंतरवंशीय विवाह निषिद्ध ठरविले होते. गोरे वगळता इतरांनी आपापसांत कोणाशीही विवाह करावा, राज्याला त्याची फिकीर नव्हती. येथेही रूपाची समता फोडून संहितेचा व्यवहारातील अर्थ वाचला गेला.

५

येथपर्यंतच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. सोसणाऱ्याच्या साक्षीला मान द्यायचा, तर कोणत्या सोसणाऱ्याच्या? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखून ठेवल्या होत्या. प्रवेश न मिळालेल्या एका गोऱ्या उमेदवाराने दाद मागितली. १९७८ च्या बाकी खटल्यात न्यायालय दुभंगले. राखीव जागा अवैध ठरल्या, मात्र प्रवेशाच्या निर्णयात वंश हा अनेक घटकांपैकी एक घटक म्हणून विचारात घेण्यास मुभा राहिली. हा उमेदवारही म्हणू शकतो, की वंशामुळे मला वगळले गेले. त्याचे नुकसान काल्पनिक नव्हते. त्याची साक्ष आपण कोणत्या न्यायाने नाकारतो?

दुसरा आक्षेप अधिक आतून येतो. न्यायमूर्ती क्लॅरेन्स टॉमस हे स्वतः कृष्णवर्णीय. विभाजनाच्या काळातील जॉर्जियात ते वाढले. वंशाधारित सवलतीमुळे त्या वंशातील प्रत्येक यशस्वी माणसावर संशयाचा डाग पडतो, असे त्यांनी सातत्याने लिहिले. त्यांची साक्षही अनुभवाची आहे. तेव्हा सोसणाऱ्यांचा एकच आवाज असतो, असे गृहीत धरणे हा दुरून दाखविलेला आदर असला तरी तोही अज्ञानाचाच एक प्रकार होय.

या आक्षेपांना बगल देता येत नाही. त्यांतून एवढे निश्चित होते, की सोसणाऱ्याची साक्ष अपरिहार्य असली तरी अंतिम नाही. ब्लॅक यांच्या युक्तिवादाने दाखविलेली वाट येथे उपयोगी पडते. विचारायचे ते असे : या वागणुकीने समाजात आधीच प्रचलित असलेल्या उच्चनीचतेच्या भाषेत एखादे वाक्य उच्चारले जाते काय? १९७८ साली डेव्हिस येथे नाकारलेल्या उमेदवाराने जागा गमावली. परंतु गोरा म्हणून तो हीन आहे असे सांगणारी कोणतीही भाषा अमेरिकेत अस्तित्वात नव्हती, ज्यात हा नकार वाचला जाईल. नुकसान झाले, अवमान झाला नाही. म्हणून नुकसानाची दखल घेऊ नये असे नाही. त्याचा न्याय्य विचार निकषांच्या चर्चेत व्हावा. त्याला प्लेसीच्या अनुभवाशी समतुल्य मानणे म्हणजे हेन्री ब्राउन यांची कल्पित उलटापालट खरी मानणे होय.

टॉमस यांच्या आक्षेपाला मात्र इतके सरळ उत्तर नाही. ते ज्या डागाविषयी बोलतात तो उच्चनीचतेच्या त्याच जुन्या भाषेतून येतो. सवलत नसतानाही तो होता. सवलतीने त्याला नवे निमित्त मिळाले असेल. निमित्त काढून घेतले तर भाषा नष्ट होईल, असा त्यांचा विश्वास आहे. तो आपल्याला पटला नाही तरी ही तक्रार खरी असू शकते. समतेसाठी योजलेला उपायही सार्वजनिक भाषेतच वाचला जातो आणि तो कसा वाचला जाईल याची जबाबदारी उपाय योजणाऱ्यावर राहते, एवढे तिच्यातून शिकावे लागते.

६

१९७० नंतरच्या दशकांत न्यायालयाने अर्थाचे स्थान पुन्हा एकदा हलविले. या वेळी ते लेखकाच्या हेतूत नेऊन ठेवले. १९७६ च्या 'वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस' या खटल्यात पोलिस भरतीच्या एका परीक्षेत कृष्णवर्णीय उमेदवार गोऱ्यांच्या सुमारे चौपट प्रमाणात अनुत्तीर्ण होत होते. केवळ परिणाम विषम आहे म्हणून घटनाभंग होत नाही, भेदभावाचा हेतू सिद्ध झाला पाहिजे, असे ठरले. विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी लेखकाच्या हेतूवरून कृतीचे मूल्य ठरविण्यातील तर्कदोष १९४६ साली दाखविला होता. समीक्षेने जो निकष मोडीत काढला, तोच तीस वर्षांनी न्यायालयाने समतेच्या प्रवेशद्वारावर पहारेकरी म्हणून उभा केला. न्यायशास्त्रात हेतूला स्वतःचे स्थान आहे, हे मान्य करूनही त्याचा परिणाम विसरता येत नाही. शतकांच्या व्यवहारातून घडलेल्या रचनेला एकच लेखक नसतो. मग हेतू कोणाचा शोधायचा?

हे केवळ तात्त्विक राहिले नाही. १९८७ च्या 'मक्लेस्की विरुद्ध केम्प' या खटल्यात जॉर्जिया राज्यातील दोन हजारांहून अधिक हत्या-प्रकरणांचा अभ्यास न्यायालयापुढे होता. गोऱ्या व्यक्तीची हत्या केल्याचा आरोप असलेल्यांना देहदंड होण्याची शक्यता कृष्णवर्णीय व्यक्तीच्या हत्येच्या तुलनेत ४.३ पट होती. न्यायालयाने अभ्यास ग्राह्य आहे असे गृहीत धरले आणि तरीही पाच विरुद्ध चार मतांनी याचिका फेटाळली. या विशिष्ट प्रकरणात भेदभावाचा हेतू दिसत नव्हता. न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी ते निकालपत्र लिहिले. निवृत्तीनंतर, आपले मत बदलता आले असते तर या खटल्यात बदलले असते, असे त्यांनी आपल्या चरित्रकाराला सांगितले. ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. मक्लेस्की यांना १९९१ सालीच देहदंड दिला गेला होता. वाचकाने आपला अन्वय मागे घेतल्यावरही कायद्याचे वाक्य मागे घेता येत नाही, याचे यापेक्षा कठोर उदाहरण सापडणे कठीण.

७

यानंतरचा टप्पा संहितेचा नव्हे, संहितेच्या वाचनाच्या वाचनाचा आहे. २००७ साली सिअ‍ॅटल आणि लुइव्हिल येथील शाळांच्या खटल्यात प्रश्न उलट होता. शाळांत मिश्रण टिकावे म्हणून ही शहरे प्रवेश देताना विद्यार्थ्यांचा वंश विचारात घेत होती. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ही पद्धत अवैध ठरविली आणि ब्राउन खटल्याचा वारसा आपल्या बाजूला आहे असे सांगितले. त्यासाठी त्यांनी वादींचे वकील रॉबर्ट कार्टर यांच्या १९५२ सालच्या तोंडी युक्तिवादातील वाक्य उद्धृत केले. कार्टर तेव्हा हयात होते, न्यायाधीश होते. आपल्या काळी वंशाचा उपयोग कृष्णवर्णीयांना संधी नाकारण्यासाठीच होत होता, त्याविरुद्ध आपण बोललो होतो. आता तो युक्तिवाद उलटा उभा केला गेला आहे, असे त्यांनी निकालानंतर स्पष्ट केले. ज्या न्यायालयाने हेतूला सर्वोच्च प्रमाण मानले, त्याच्यापुढे प्रत्यक्ष वक्त्याचा हेतू वक्त्याच्याच मुखातून येऊनही प्रमाण ठरला नाही.

२९ जून २०२३ च्या हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांविषयीच्या निकालाने प्रवेशातील वंशविचार जवळपास संपविला. हार्लन यांच्या रंगांधतेचा तेथे पुन्हा जयघोष झाला. न्यायमूर्ती केतानजी ब्राउन जॅक्सन यांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रकरणातील भिन्नमतात बजावले, की कायद्याने वंश अप्रस्तुत ठरविल्यामुळे तो जीवनात अप्रस्तुत होत नाही. पाहणारी आणि न पाहणारी अशा दोन रंगांधता असतात, हेच त्यांनी वेगळ्या शब्दांत सांगितले.

या निकालातील एक तरतूद साहित्याच्या अभ्यासकाने विशेष दखल घ्यावी अशी आहे. वंशाचा आपल्या आयुष्यावर कसा परिणाम झाला, याविषयी उमेदवाराने अर्जासोबतच्या निबंधात लिहावे आणि विद्यापीठाने तो व्यक्तिगत धैर्याचा किंवा गुणाचा पुरावा म्हणून विचारात घ्यावा, एवढी मुभा न्यायालयाने ठेवली. म्हणजे वंशाचे वास्तव कायद्याच्या भाषेतून हद्दपार होऊन आत्मकथनाच्या भाषेत शिल्लक राहिले. सतरा वर्षांच्या मुलीने आपला अवमान कथारूपाने सांगावा, त्यातून आपली जिद्द सिद्ध करावी आणि परीक्षकाने त्या जिद्दीला गुण द्यावेत. अवमान करणारी व्यवस्था या कथेत पार्श्वभूमी होऊन जाते. दलित आत्मकथनांच्या स्वागताचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा धोका परिचित आहे. 'काय सोसले आणि कसे वर आले' या कौतुकाच्या सुरात 'कोणी सोसायला लावले' हा प्रश्न सहज विरून जातो. सामाजिक साक्ष म्हणून लिहिलेली संहिता चारित्र्याचा दाखला म्हणून वाचली जाते.

८

सुरुवातीच्या प्रश्नाला या विवेचनातून मिळणारे उत्तर निर्णायक सूत्राच्या स्वरूपाचे नाही. अपमानाचा अन्वय कोण्या एका पक्षाच्या स्वाधीन करता येत नाही. कायदा करणाऱ्याच्या हेतूवर तो सोपविला तर निर्हेतुक दिसणारा प्रत्येक अन्याय सुटून जातो. सोसणाऱ्याच्या दुःखावर सोपविला तर वेक्स्लर आणि ह्यूस्टन यांचे क्लेश समान ठरतात. शब्दांच्या सममितीवर सोपविला तर दाईला आत घेणारा आणि उतारूला बाहेर काढणारा कायदाही समान ठरतो. उरते ते सार्वजनिक ज्ञान : एखादी वागणूक एखाद्या समाजात काय म्हणते, हे त्या समाजात राहणाऱ्यांना असलेले ज्ञान. ते निर्दोष नसते, त्यात मतभेद असतात, काळाबरोबर ते बदलते. म्हणून त्याची सतत तपासणी करावी लागते. परंतु ते नाहीच, असे समजून निर्णय देणे ही तटस्थता नव्हे.

१८९६ च्या न्यायाधीशांना विभाजनाचा अर्थ ठाऊक नव्हता, असे मानणे कठीण आहे. त्याच समाजात ते जगत होते, त्याच गाड्यांतून प्रवास करीत होते. त्यांचा नैतिक दोष अज्ञानात नव्हता, तर ठाऊक असलेले निकालपत्रात येऊ न देण्यात होता. आजच्या वादातही एकमेकांना विचारण्यासारखा प्रश्न घटना रंगांध आहे किंवा नाही एवढाच नाही. रंगांधतेचा आग्रह धरण्यापूर्वी आपण काय काय पाहिले, आणि पाहिलेल्यांपैकी काय काय लिहिण्याचे टाळले, याचा हिशेब वाचणाऱ्याने, मग तो न्यायाधीश असो की समीक्षक, दिला पाहिजे.